काठावरच्या अठरा फुलांची व्यवस्था

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारी, वय वर्षे त्र्याहत्तर, धंदा भरतकाम, राहणार याच घराचा खालचा मजला, असे लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे. डोळे तितकेसे नाहीत, पण सुई अजून मीच ओवते. माझ्यावर कोणी जोर केलेला नाही की मला कोणी फूस लावलेली नाही. उलट गेली दोन वर्षे माझा मुलगा "आई, त्या कागदाचं एकदा काय ते करून टाक" म्हणून मागे लागला होता आणि मी ऐकत नव्हते. मी कोणाच्या दबावाखाली येणारी बाई नाही, हे यावरून कोर्टाने समजून घ्यावे.

वकिलांनी छापील नमुना दिला होता. त्यात रिकाम्या जागा भरायच्या होत्या. आयुष्यभर दुसऱ्यांनी आखून दिलेल्या रेषांच्या आत भरत आले, निदान हा कागद तरी माझ्या हाताने आखते, असे सांगून नमुना परत केला. त्यांनी कपाळाला हात लावला आणि तीन गोष्टी तरी पाळा म्हणाले. एक, प्रत्येक वस्तूचे वर्णन असे करावे की दुसऱ्या कशाशी गल्लत होऊ नये. दोन, साक्षीदार दोन हवेत, आणि ज्याला या कागदातून काही मिळणार आहे त्याने साक्षीदार होऊ नये. तीन, खाडाखोड नको. हे तिसरे मला सांगायची गरज नव्हती. मी एकदा घातलेला टाका उसवत नाही, आणि उसवणाऱ्यांबद्दल माझे काय मत आहे ते पुढे येईलच.

घर, बँक वगैरे सगळे नावापुरते आहे. हा कागद लिहायला बसले ती एका चादरीमुळे. ती कोणाकडे जावी हे मला अजून ठरवता आलेले नाही. लिहिता लिहिता ठरेल.

कलम १. घर

खालचा मजला माझ्या यजमानांचा होता, त्यांच्यामागे माझा झाला, माझ्यामागे मुलाचा. वरचा मजला यजमानांच्या बहिणीचा, म्हणजे माझ्या नणंदेचा आहे. त्यावर माझा हक्क नाही आणि मला तो नकोही आहे. जिना दोघींचा. या जिन्यावरून आम्ही दोघी एकतीस वर्षे एक शब्द न बोलता ये-जा करतो आहोत. अगदीच अडले तर हवेत बोलायची पद्धत आहे. "कुणीतरी वरचा नळ बंद करा." "कुणाचं तरी दूध उतू जातंय." माझी मुले लहान असताना त्यांना वाटायचे की कुणीतरी हे आत्याचेच नाव आहे.

कलम २. बँकेत जे काही आहे ते मुलगा आणि मुलगी यांनी निम्मे निम्मे घ्यावे. यावर जास्त लिहिण्यासारखे काही नाही आणि त्यांनीही जास्त बोलू नये.

कलम ३. अवजारे

लाकडी पेटी, लहानमोठ्या नऊ रिंगा, सुयांची डबी, बोटात घालायचे पितळी अंगुस्तान आणि दोन कात्र्या, हे सर्व मुलीला. मुलगी भरतकाम करत नाही. तिला "वेळ नसतो". पण तिच्या घरी गेले की तिच्या भिंतीवर कारखान्यात छापलेली फुलांची चित्रे दिसतात, तेव्हा पेटी तिच्याकडे असली तर निदान चित्रांना लाज वाटेल. अट एकच. मोठ्या कात्रीने कागद कापायचा नाही. मुलाने एकदा त्या कात्रीने दुधाची पिशवी कापली होती, म्हणून ती त्याला ठेवलेली नाही. हे त्याने मनाला लावून घ्यावे.

कलम ४. खाके

आमच्या कामात आधी कागदावर नक्षी काढतात. तिच्या रेषांवर सुईने भोके पाडतात, कागद कापडावर ठेवून वरून निळी पूड चोळतात, आणि मग ठिपक्याठिपक्यांनी उमटलेल्या फुलावर भरत घालतात. या भोकांच्या कागदाला खाका म्हणतात. सासूबाईंचे एकूण त्रेसष्ट खाके माझ्याकडे आहेत. ते सगळे संग्रहालयाच्या बाईंना.

या बाई भल्या आहेत, पण त्यांनी माझ्या नाकी नऊ आणले. पहिल्यांदा आल्या तेव्हा प्रत्येक फुलावर बोट ठेवून "हे कुठलं फूल?" असे विचारत होत्या. बशीफूल, म्हटले. असे फूल कुठल्या झाडाला येते? कुठल्याच नाही. सासूबाईंनी चहाची बशी उलटी ठेवून भोवती पेन्सिल फिरवली, म्हणून बशीफूल. कंगव्याच्या दातांसारखे टाके येतात म्हणून कंगवापान. आमची फुले झाडावर शोधू नयेत. झाडावरचे फूल झाडाला जमले म्हणून तसे आहे. आमचे फूल आम्हाला जमले तसे आहे, आणि आमचे धुतले तरी टिकते.

पुढे त्यांनी आमच्या गल्लीच्या कामावर मोठा लेख लिहिला आणि मला मोठ्याने वाचून दाखवला. आमच्या बशीफुलाचा देठ मधेच एकदम डावीकडे मोडल्यासारखा वळतो. त्यावर त्यांनी दोन पाने लिहिली होती. त्या वाकलेल्या देठात स्त्रीचे सोसणे आहे, असे काहीतरी. मी ऐकून घेतले. खरी गोष्ट अशी की सासूबाईंनी तो खाका टोचला तेव्हा कागद घडी पडून खाली दुमडला होता. घडी उलगडल्यावर देठ वाकडा निघाला. दुसरा कागद टोचायचा त्यांना कंटाळा आला. मग गल्लीतल्या प्रत्येकीने तोच खाका मागून नेला, तोच वाकडा देठ पन्नास वर्षे भरला, आणि आता सरळ देठ कोणी भरला तर बायका म्हणतात, अगं, चुकलं तुझं. तर बाईंनी खाके घ्यावेत, पण तो घडीचा कागद काचेत सर्वांत पुढे ठेवावा. सोसणे वगैरे मागे.

कलम ५. नणंदबाई

यांना काहीही नाही. सुईसुद्धा नाही.

कारण लिहायला वकिलांनी सांगितलेले नाही, पण मी लिहिते. चादर सासूबाईंची होती. घरात विकायच्या शेकडो चादरी भरल्या गेल्या, ही एकच विकायची नव्हती. मधले झाड सासूबाईंनी भरले. त्याभोवतीची वेल आणि कोपऱ्यांतले गुच्छ नणंदबाईंनी. मी सून म्हणून आले त्या वर्षी मला त्या चादरीवर पाने भरायला मिळाली. दुसऱ्या वर्षीही पाने. वीस वर्षे मी पाने भरली. मोजली आहेत, चारशे बारा आहेत. वीस वर्षांनी एके दिवशी सासूबाई म्हणाल्या, "काठाची फुलं तू घे." काठावर अठरा बशीफुले. त्या दिवशी मला जेवण गेले नाही, इतका आनंद झाला होता.

ती अठरा फुले मी भरली. अठरावे जरा काठाबाहेर गेले, तर सासूबाईंनी हसून तेवढा काठ चार बोटे आत दुमडला आणि स्वतःच्या हाताने शिवून टाकला. "पळालं तुझं अठरावं," म्हणाल्या. बाकीची सतरा नीट होती. मग माझ्या वडिलांचा पाय मोडला आणि मी तीन आठवडे त्यांच्याकडे गेले. परत आले, चादर उघडली, आणि माझी सतराच्या सतरा फुले तिथे नव्हती. म्हणजे फुले होती, पण माझी नव्हती. त्याच जागी, त्याच मापाची, दुसऱ्या हाताची.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी सगळ्यांसमोर विचारले, "वन्सं, काय खोट होती माझ्या टाक्यात?"

त्यांनी मान वर केली नाही. म्हणाल्या, "मला तो लाल आवडला नाही."

एवढेच. वीस वर्षे वाट पाहून भरलेली फुले, आणि यांना लाल आवडला नाही. सासूबाईंनी तेव्हाच न्याय केला. त्यांच्या घरात दोन नियम होते. कच्च्या रंगाचा धागा वापरणारीची सुई काढून घ्यायची आणि दुसरीचे काम उसवणारीची सुई काढून घ्यायची. नणंदबाईंच्या हातातली सुई त्यांनी काढून घेतली आणि त्या चादरीला पुन्हा हात लावू दिला नाही. पोटच्या मुलीची गय केली नाही. म्हणून चादरीचा चौथा कोपरा आजही रिकामा आहे. तो नणंदबाईंचा होता. मला त्या दिवशी बरे वाटले होते, हे खोटे कशाला बोलू.

आता गंमत पाहा. साक्षीदार असा हवा की ज्याला काहीही मिळणार नाही. मुलगा, सूनबाई, मुलगी, संग्रहालयाच्या बाई, सगळ्यांना काही ना काही जाणार किंवा जायची शक्यता आहे. माझ्या ओळखीत जिला मी ठरवून, विचार करून काहीही ठेवलेले नाही अशी बाई एकच. म्हणून साक्षीदार क्रमांक एक दोऱ्यांचे दुकानदार आणि क्रमांक दोन नणंदबाई, असे मी वकिलांना कळवले आहे. वकील हसले. मी हसले नाही. सूनबाईकडून वर निरोप गेला, उत्तर आले, "बुधवारी खाली येईन." एकतीस वर्षांत हा त्यांचा सर्वांत लांब निरोप.

येथवर सोमवारी लिहिले.

कलम ६. चादर, आणि तिचे गल्लत होऊ नये असे वर्णन

वर्णन करायचे तर चादर पसरायला हवी, म्हणून ती सकाळी पलंगावर पसरली. माझा वैताग असा की या चादरीकडे आजवर शंभर माणसांनी पाहिले असेल, आणि शंभरांनी "किती सुंदर" म्हटले. ते म्हणायला जेवढा वेळ लागतो तेवढाच वेळ पाहिले. एकाने विचारले, किती दिवस लागले? दुसऱ्याने विचारले, मशीनवर होतं का असं? माझी मुलगी म्हणते, "आई, याचे चार अभ्रे छान होतील आणि उरलेलं फ्रेम करता येईल." मुलगा म्हणतो संग्रहालयाला देऊन टाक, म्हणजे घडी घालायची कटकट नको. संग्रहालयात ती काचेमागे उभी टांगतील. चादर आडवी पाहायची असते, उजेड बाजूने यायला हवा, हे त्यांना कोण सांगणार?

तर वर्णन. कापड सुती, जाड, रंग दुधी. मध्ये झाड. फांद्या सात, प्रत्येक फांदीवर पाच बशीफुले. फूल बाहेरून आत साखळी टाक्याने भरले आहे. बाहेर लाल, मग नारिंगी, मग पिवळा, आणि मधोमध गाठींचे दाणे. लाल कुठे संपतो आणि नारिंगी कुठे सुरू होतो ते बोटाने शोधून पाहावे. सापडत नाही. सासूबाई त्या जागी एक टाका लाल आणि एक नारिंगी असा घालायच्या. लांबून ते फूल पेटलेले दिसते. जवळ गेले की प्रत्येक टाका आपापल्या जागी वेगळा बसलेला आहे. हे त्यांना कोणी शिकवले नव्हते आणि त्यांनीही कोणाला तोंडाने शिकवले नाही. बघत बसायचे, एवढेच शिक्षण.

पाने माझी. कोणताही हिरवा दुसऱ्या हिरव्यासारखा नाही, कारण धागा वीस वेगवेगळ्या वर्षांत आणला. पोपटी आहे तो मुलाच्या जन्माच्या वर्षीचा. काळपट आहे तो ज्या वर्षी गल्लीतले दोऱ्यांचे दुकान बंद होते त्या वर्षीचा, लांबून आणावा लागला होता. मला तारखा लक्षात राहत नाहीत, पाने राहतात.

वेल नणंदबाईंची. आता रागाने का होईना, खरे लिहिले पाहिजे. त्या डावखुऱ्या आहेत. त्यांची साखळी उलट्या बाजूला कलते. त्यामुळे सकाळी खिडकीतून ऊन आले की झाड शांत असते आणि वेल चमकते. दुपारनंतर वेल विझते आणि झाड चमकू लागते. एकाच चादरीवर दिवसातून दोनदा निराळी बाग. हे मी चाळीस वर्षे पाहते आहे आणि कधी कोणाला सांगितले नाही, कारण सांगितले असते तर त्यांचे कौतुक झाले असते.

हे माझ्याशिवाय फक्त एका माणसाच्या लक्षात आले, ती म्हणजे सूनबाई. आणि ते कळायला तिने आधी काय केले तेही लिहिते. संग्रहालयाच्या बाई येणार म्हणून मागच्या महिन्यात तिने ही चादर कपड्यांच्या मशीनमध्ये घातली. कोमट पाण्यात. साबणाची पूड टाकून. आजवर ती कधी धुतलीच नव्हती, नुसती ऊन दाखवून घडी घालायची. मी बाजारातून आले तेव्हा मशीनच्या काचेतून मला माझ्या सासूबाईंचे झाड गरगर फिरताना दिसले. मी मशीन थांबेपर्यंत समोर खुर्चीत बसून राहिले. पण बाहेर काढली तर एकही रंग हललेला नाही. सगळे लाल जागच्या जागी. इतका वेळ जमवलेल्या रागाचे काय करावे ते मला कळेना.

तरी एक डाग निघालाच. डाव्या बाजूच्या काठाला, अधेलीएवढा, फिकट गुलाबी. मी सूनबाईला म्हटले, "तुझी लाल ओढणी टाकली असशील बरोबर." ती म्हणाली, "नाही हो आई, ही एकटीच होती मशीनमध्ये. शपथ घेते." मी विश्वास ठेवला नाही. मग इस्त्री करताना ती मधेच थांबली आणि म्हणाली, "आई, काठावरची फुलं वेलीबरोबर चमकतात. झाडाबरोबर नाही. ती आत्यांची आहेत का?" मी म्हटले, "इस्त्री कर." पण घरात आलेल्या एका तरी माणसाने डोळे उघडून पाहिले, हे माझ्या मनात राहिले.

वर्णनात डाग लिहायला हवा, नाहीतर उद्या कोणी म्हणेल ही ती चादर नव्हे. डाग आहे तो नेमका त्या दुमडलेल्या काठावर. मी बोटाने चाचपले, आतही ओल लागून कापड कडक झाले होते. म्हटले, आत काय आहे ते तरी पाहू. सासूबाईंची शिवण एकतीस वर्षांत कोणी उघडली नव्हती. ती मी उघडली. उसवण्याबद्दल वर जे लिहिले आहे ते मला पाठ आहे, पुन्हा वाचून दाखवू नये.

आत माझे अठरावे फूल होते. लाल फुटून पाकळ्यांच्या बाहेर गेला होता. पिवळा गुलाबी झाला होता, गाठींचे दाणे गुलाबी, चार बोटे कापड गुलाबी. फूल म्हणून ओळखू येत नव्हते.

मी पांढरा रुमाल भिजवला आणि काठावरच्या सतराही फुलांवर एकेक करून दाबला. रुमाल पांढरा राहिला. अठराव्यावर दाबला, लाल झाला.

येथवर मंगळवारी दुपारी लिहिले. पुढे लिहवले नाही.

कलम ७. जे वरच्या कलमांच्या वर समजावे

बुधवार सकाळ. वकिलांना फोन करून विचारले, कलम पाच बदलायचे तर काय करू? ते म्हणाले, कागद फाडा आणि नव्याने लिहा. मी म्हटले, फाडणार नाही. मग म्हणाले, एकाच मृत्युपत्रात आधीचे आणि नंतरचे पटत नसेल तर नंतरचे धरतात. हे मला आवडले. पाचवे कलम आहे तिथेच राहू दे. ते मी एकतीस वर्षे भरले आहे, लोकांना दिसू दे.

आता जे फक्त मला माहीत होते ते. नवा लाल धागा आणला की तो मिठाच्या गरम पाण्यातून तीनदा काढायचा, दर वेळी पांढऱ्या फडक्यात पिळायचा, आणि फडके पांढरे निघेपर्यंत सुईत घालायचा नाही. वाळायला दोन दिवस लागतात. त्या वेळी दोरेवाल्यांनी मला सांगितले होते, "वहिनी, हा लाल नवा आलाय, नीट धुऊन घ्या." मी एकदा बुडवला. सासूबाईंनी विचारले, तीनदा काढलास ना? मी म्हटले, हो. फुले भरायला मी वीस वर्षे थांबले होते. आणखी दोन दिवस माझ्याने थांबवले नाही.

नंतर मी हे विसरून गेले. खरेच विसरले. रंग कधी गेलाच नाही, मशीनमध्येही नाही, मग आठवायचे कशाला? तो का गेला नाही ते आज कळते आहे.

नणंदबाईंना ते तेव्हाच कळले होते. त्यांनी आईला सांगितले असते तर सुई माझी गेली असती. वीस वर्षांनी मिळालेली फुले, आणि सगळ्या गल्लीत बोभाटा की सुनेने कच्चा धागा वापरला, वर खोटे बोलली. त्यांनी सांगितले नाही. तीन आठवड्यांत, रात्री सगळे झोपल्यावर, माझी सतरा फुले उसवली आणि पक्क्या धाग्याने भरली. अठरावे त्यांना काढता आले नाही, कारण ते आईच्या शिवणीत होते आणि आपली शिवण उघडलेली सासूबाईंना लगेच कळली असती. आणि मी घर डोक्यावर घेतले तेव्हा ज्यावर कोणाला काही विचारता येणार नाही असे एक वाक्य त्यांनी शोधून काढले. लाल आवडला नाही. आईने सुई काढून घेतली, ती देऊन टाकली.

मला याचा राग आला आहे. एवढे केले, तर मला एकटीला गाठून सांगता येत नव्हते? जिन्यात? नळावर? एकतीस वर्षे मूग गिळून बसायचे काय कारण? मी त्यांच्याबद्दल जे जे बोलले ते वर ऐकू जात असणार, या घराच्या भिंती मला माहीत आहेत. आणि माझा मला राग आला आहे तो वेगळा. भरतकाम बघायला लोकांना डोळे नाहीत म्हणून मी आयुष्यभर चिडचिड केली. माझ्या पलंगावर सतरा फुले चादर पसरली की सकाळच्या उजेडात सांगत होती, आणि मी फक्त त्यांत माझा हात नाही एवढेच पाहिले.

म्हणून पुढीलप्रमाणे.

चादर नणंदबाईंना. संपूर्ण, अखंड, अभ्रे न करता. अट अशी की चौथा कोपरा त्यांनी भरावा. त्यांचे वय सत्तर आहे, हात कापत असतील तर कापत्या हाताने भरावा. अठरावे फूल उसवण्याचा अधिकारही त्यांनाच. या वेळी मी हरकत घेणार नाही.

त्यांच्यामागे चादर सूनबाईला. तिला भरता येत नाही, पण बघता येते, आणि बघणारे माणूस मिळायला जास्त कठीण आहे. ओढणीबद्दल मी तिच्यावर खोटा आळ घेतला, तो मागे घेते. मशीन मात्र नाही.

माझ्या मुलाने आणि मुलीने यावर वाद घालू नये. घालायचा असेल तर जिन्यात घालावा, तिथे सवय आहे.

हा कागद मी वाचला, समजून घेतला, आणि माझ्याच बुद्धीने, जेवढी आहे तेवढ्याने, खाली सही करते.

साक्षीदार

१. दोऱ्यांचे दुकानदार. यांनी माझ्यासमोर सही केली. लाल धाग्याची गोष्ट त्यांना आठवत होती. "मी सांगितलं होतं हो, वहिनी," असे त्यांनी दोनदा म्हटले.

२. नणंदबाई. सही नाही. कारण पुढे लिहिते, म्हणजे ही रिकामी जागा पाहून कोणी शंका काढू नये.

नणंदबाई सांगितल्याप्रमाणे अकराला खाली आल्या. खुर्ची दिली, बसल्या नाहीत. चष्मा लावून उभ्या उभ्या पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचले. पाचवे कलम वाचताना तोंडावरची रेषही हलली नाही. सातवे दोनदा वाचले. वकिलांनी पेन पुढे केले आणि सांगितले की आता कागदात तुम्हाला चादर दिलेली आहे, तेव्हा साक्षीदार म्हणून सही केलीत तर त्या देण्याला बाध येऊ शकतो. एकतर सही, नाहीतर चादर. त्यांनी पेन घेतले, टोपण लावले आणि वकिलांच्या खिशाला अडकवून दिले.

"सही नाही करायची," म्हणाल्या. "चादर हवीय मला."

मग त्या पलंगापाशी गेल्या, उघडलेला काठ उलटा करून पाहिला आणि अठराव्या फुलावरून अंगठा फिरवला.

मी विचारले, "तुम्हाला तेव्हा कळलं कसं?"

"भांडी घासून आले होते. ओला हात लागला. बोट लाल झालं."

"मग मला सांगायचं नाही, वन्सं?"

त्यांनी काठ पुन्हा सरळ केला. "तुम्ही तेव्हा ऐकून घेतलं असतंत?"

मी खरे उत्तर दिले. नाही म्हटले.

"आणि वहिनी," त्या म्हणाल्या, एकतीस वर्षांत पहिल्यांदा, "तो लाल मला खरंच आवडला नव्हता."

२. (बदली) समोरचे शिंपी. वकिलांनी यांना दुकानातून बोलावून आणले. यांना या कागदातून काहीही मिळणार नाही हे त्यांना समजावून सांगितले, तेव्हा त्यांनी लगेच सही केली.

सही: माझी, वाचता येईल अशी.

दिनांक: कलम सातमधला तोच बुधवार, दुपारी पाऊण वाजता.

ठिकाण: राहते घर, खालची खोली. वरच्या मजल्यावर या वेळी कोणी नाही.